गाळ, चिखल की मळी?

सांगलीहून गगनबावड्याचा घाट उतरून तारकर्ली गाठणाऱ्यांना स्कूबा म्हणजे प्रवाळ, रंगीत मासे आणि पाण्याखाली काढून घेतलेला फोटो, एवढंच ठाऊक असतं. प्रवाळाकडे पाठ फिरवून वाळूत आणि समुद्री गवतात नखाएवढे जीव धुंडाळण्याला जगभर 'मक डायव्हिंग' म्हणतात; इंग्रजीत 'मक' म्हणजे राड, घाण. मराठीत काय म्हणायचं, यावर आमच्याकडच्या हौशी मंडळींत अजून एकमत नाही.

'चिखल' नको, कारण नावाजलेल्या जागांचा तळ बऱ्याचदा चिखलाचा नसतोच. इंडोनेशियातल्या लेंबे सामुद्रधुनीत ज्वालामुखीची काळी वाळू आहे. 'मळी' सुचवणारेही निघाले. कृष्णाकाठची मळी म्हणजे नदीनं घातलेली कसदार जमीन, हे खरं. पण नदीत मासे मेले की पेपरात 'मळीमिश्रित पाणी' येतं, ती मळी साखर कारखान्याची. जीव शोधायला निघायचं आणि नाव मासे मारणारं? उरतो 'गाळ'. 2019 च्या पुरानंतर ज्यांनी खोऱ्यानं घरातला गाळ ओढला, ते नाक मुरडतात. तरी माझं मत गाळालाच. हलक्या धक्क्यानं उसळणारी आणि लवकर न बसणारी ती बारीक राड त्यांना वेगळी समजवावी लागत नाही. समुद्री गवताला 'शेवाळ' म्हणणं मात्र सरळ चूक. त्याला मुळं असतात, फुलं येतात.

मूळ इंग्रजी शब्द 1980 च्या दशकात पापुआ न्यू गिनीच्या मिल्न बेमध्ये रुळला. पाण्याखाली जाण्यासाठीचं पाठीवरचं श्वसनयंत्र त्याच्या कितीतरी आधीचं, 1943 चं. लेंबेचं नाव 1990 नंतर झालं. खरी गर्दी डिजिटल कॅमेऱ्यानं आणली: 36 फोटोंचा रोल पाण्याखाली बदलता येत नसे, आता एकाच गोगलगायीचे शंभर फोटो निघतात. इतर प्राण्यांची सोंगं घेणारा मिमिक ऑक्टोपस 1998 मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाजवळ दिसला. शास्त्रीय नाव मिळायला 2005 उजाडलं.

फोटोपायी काठीनं प्राणी हलवणं हा पुढचा तंटा. वाळूत रोवून तोल सावरण्यापुरती काठी ठीक; तिनं समुद्रघोडा कॅमेऱ्याकडे वळवणं हा निव्वळ छळ. आपल्याकडे 2001 मध्येच समुद्रघोडा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आला.

आमच्यातले बरेचजण पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. तो डबा बुडू देत नसे. इथं पाठीवर टाकी घेऊन तळाच्या वीतभर वर, गाळ न उडवता, तासभर आडवं राहायचं असतं.