लेझर स्पेकल आणि तो घालवणारी लिक्विड क्रिस्टल उपकरणं

लेझरचा प्रकाश भिंतीवर किंवा पडद्यावर पसरवला की तो सपाट दिसत नाही, रवा सांडल्यासारखे बारीक काळे-उजळ ठिपके चमचमत राहतात, त्याला स्पेकल म्हणतात. लेझर प्रोजेक्टर, मायक्रोस्कोप, होलोग्राफी, सगळीकडे ही कटकट आहे. ती कमी करायचा एक मार्ग म्हणजे प्रकाशाच्या वाटेत लिक्विड क्रिस्टलचा (द्रवासारखं वाहणारं, पण रेणू एका दिशेत मांडलेलं द्रव्य) पातळ सेल, म्हणजे दोन काचांमध्ये भरलेला थर, ठेवायचा आणि त्याला वीज देऊन आतले रेणू सतत हलते ठेवायचे, सेल मात्र जागचा हलत नाही.

स्पेकल घरीही बघता येतो. प्रेझेंटेशनचा लाल पॉइंटर घ्या, पुढे भिंग धरून डाग मोठा करा आणि अंधाऱ्या खोलीत साध्या रंगाच्या भिंतीवर मारा (आरशावर किंवा कुणाच्या डोळ्यात अजिबात नको). आता चष्मा असेल तर काढा. भिंतीवरचं कॅलेंडर धूसर होईल, ठिपके मात्र तसेच रेखीव राहतील. डोकं हळूच डावीकडे-उजवीकडे हलवलं की मायनस नंबरवाल्यांना ठिपके उलट दिशेने पळताना दिसतात आणि प्लसवाल्यांना डोक्याबरोबर. मूठ वळून बारीक फटीतून बघितलं तर ठिपके मोठे होतात. कारण सोपं आहे, हे ठिपके भिंतीवर रंगवलेले नसतातच, तुम्हाला दिसणारा नक्षीचा नमुना तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर तयार होतो.

होतं असं की भिंत कितीही गुळगुळीत वाटली तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने ती डोंगरदऱ्यांसारखी खडबडीत असते, तिथल्या प्रत्येक बिंदूवरून उसळलेल्या लाटा डोळ्यात एकमेकींत मिसळतात, कुठे जोर धरतात, कुठे एकमेकींना मारतात. बल्बच्या प्रकाशातही हे होतं, पण तिथे नमुना इतक्या झपाट्याने बदलतो की सगळं पुसून सपाट दिसतं. लेझर शिस्तीचा, म्हणून नमुना टिकतो. लेझर १९६० साली आला आणि १९६२ मध्ये रिग्डेन आणि गॉर्डन या संशोधकांनी हा दाणेदारपणा नोंदवला, पण यामागची भौतिकी त्याआधीची आहे, आपल्याकडे बंगळुरूत शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी १९४३ मध्ये बारीक कणांमुळे प्रकाशाभोवती पडणाऱ्या खळ्यातल्या तीव्रतेच्या चढउतारांवर काम केलं होतं, ते याच जातीचं.

स्पेकल किती आहे हे कॉन्ट्रास्टने मोजतात, म्हणजे तीव्रतेचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) भागिले सरासरी. पूर्ण स्पेकलमध्ये तो १, म्हणजे १०० टक्के असतो. एकमेकांशी संबंध नसलेले एन नमुने एकावर एक टाकले की तो एनच्या वर्गमुळाने कमी होतो. डोळ्याला साधारण ४-५ टक्क्यांखालचा स्पेकल जाणवेनासा होतो, म्हणजे ५ टक्के गाठायला ४०० नमुने हवेत. डोळा साधारण ५० मिलिसेकंदांतलं जेवढं येईल ते एकत्र करून बघतो असं धरलं, तर एका नमुन्याच्या वाट्याला सव्वाशे मायक्रोसेकंद येतात. खरी अडचण या वेगाची आहे.

फिरती दुधी काच लावूनही काम होतं, पण मोटर आली, घरघर आली, झीज आली. लिक्विड क्रिस्टल इथे कामाला येतं. साधा नेमॅटिक (लिक्विड क्रिस्टलचा डिस्प्लेत वापरतात तो नेहमीचा प्रकार) सेल मिलिसेकंदांत बदलतो, समजा ५ मिलिसेकंदांत एकदा, मग ५० मिलिसेकंदांत जेमतेम १० नमुने, कॉन्ट्रास्ट ३२ टक्क्यांवर अडतो. फेरोइलेक्ट्रिक प्रकार (यात रेणूंच्या थरांना स्वतःचंच विद्युत ध्रुवीकरण असतं), ज्याचा वेगवान सेल क्लार्क आणि लागरवाल या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवला, तो मायक्रोसेकंदांच्या हिशोबाने पलटतो, म्हणून तिथे सेलच्या छोट्या चौकोनांतून जाणाऱ्या लाटांची फेज (चढ-उताराचा टप्पा) झटपट उलटसुलट करून हवे ते नमुने ठरवून उभे करता येतात. वेग आहे, फक्त यातले सेल नाजूक असतात, दाबलं-ठोकलं की रेणूंची मांडणी बिघडते.

मला स्वतःला जास्त मजा वाटते ती तिसऱ्या वाटेची. ठराविक लिक्विड क्रिस्टलमध्ये थोडे आयन (विद्युतभार असलेले कण) मिसळून पुरेसा व्होल्टेज दिला की आतला द्रव घोळायला लागतो, आधी रांगेत भोवरे येतात, व्होल्टेज वाढवला की सगळं विस्कटतं आणि सेल दुधासारखा पांढरा होतो. आरसीए या अमेरिकन कंपनीत हाइलमायर यांच्या गटाने १९६८ मध्ये याच विस्कटण्यावर डिस्प्ले बनवला, शार्पचा १९७३ चा ईएल-८०५ कॅल्क्युलेटर त्यावरच चालायचा, पण ट्विस्टेड नेमॅटिक (रेणूंची मांडणी पिळलेली असलेला) डिस्प्ले आल्यावर ही पद्धत मागे पडली. डिस्प्लेसाठी टाकून दिलेली हीच खळबळ आता लेझरसाठी फिरत्या काचेची जागा घेतेय, कारण घोळणारा द्रव दर क्षणी नवा नमुना देतो. ऑक्सफर्डच्या अभियांत्रिकी गटाने कायरल नेमॅटिकमध्ये (ज्यात रेणू मळसूत्रासारखे वळत जातात) आयन घालून असे डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश विखुरणारे सेल, केलेत. वीज एसीच द्यावी लागते, डीसीने आयन इलेक्ट्रोडवर जाऊन बसतात आणि सेल खराब होतो. आणि जेवढा विखुरतो तेवढा प्रकाश लेन्सच्या बाहेरही जातो, म्हणजे उजेडाची किंमत मोजावीच लागते.

वेग मिळाला म्हणून सगळं सुटत नाही. डिफ्यूझर प्रोजेक्टरच्या आत असेल तर नमुन्यांची संख्या लेन्सच्या आकाराने बांधली जाते. समजा ३० मिलिमीटरची लेन्स आणि ३ मिलिमीटरची डोळ्याची बाहुली, दोन्ही पडद्यापासून सारख्या अंतरावर. व्यासांचं गुणोत्तर १०, त्याचा वर्ग १००, म्हणजे खरे वेगळे नमुने फार तर १००, कॉन्ट्रास्ट १० टक्के, कितीही घोळवा. ध्रुवण (प्रकाशलाटेच्या डोलण्याची ठराविक दिशा) मोडणारा पडदा लावला तर वर्गमूळ दोनने अजून उतरून ७ टक्के. पुढचं कमी करायला पडदाच किंचित थरथरवणं किंवा जरा वेगवेगळ्या तरंगलांबीचे लेझर एकत्र वापरणं असे उपाय लागतात.

आणि कॅमेऱ्याने नॅनोसेकंदाच्या एकाच पल्समध्ये फोटो काढायचा असेल तर लिक्विड क्रिस्टलचा हा सगळा खटाटोप निरुपयोगी, तेवढ्या वेळात रेणूंची मांडणी बदलत नाही, सेल काचेच्या तुकड्यासारखा गोठलेला असतो आणि फोटोत स्पेकल जसाच्या तसा येतो.