पॅरासिटामॉल : बालकांतील वापर व सुरक्षितता

ताप उतरविण्यासाठी व सौम्य ते मध्यम वेदना शमविण्यासाठी लहान मुलांना सर्वाधिक दिले जाणारे औषध. रासायनिक नाव एन-ॲसिटिल-पॅरा-ॲमिनोफिनॉल; अमेरिकेत ते ॲसिटॅमिनोफेन म्हणून ओळखले जाते. भारतात क्रोसिन, कालपोल अशी व्यापारी नावे इतकी रूढ आहेत की घरात मूळ द्रव्याचे नाव क्वचितच उच्चारले जाते, आणि त्यामुळेच तापाचे व सर्दीचे अशी दोन निराळी औषधे समजून एकच द्रव्य दुप्पट दिले जाण्याचा संभव राहतो.

पहिल्या संश्लेषणाचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. काही लेखक ते १८५२ च्या सुमारास फ्रेंच रसायनज्ञ शार्ल गेरार यांच्याकडे नेतात. तथापि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील हार्मन नॉर्थरॉप मॉर्स यांनी १८७७-७८ च्या सुमारास पॅरा-नायट्रोफिनॉलापासून केलेली कृती स्पष्टपणे नोंदली गेली असल्याने त्यांचाच दावा अधिक ग्राह्य वाटतो. औषध म्हणून मात्र या द्रव्याचा इतिहास वेगळ्याच संयुगापासून सुरू होतो. स्ट्रासबर्ग येथे आर्नोल्ट कान व पाउल हेप या तरुण डॉक्टरांना नॅप्थॅलिनाऐवजी चुकून ॲसिटॅनिलाइड मिळाले आणि रुग्णाचा ताप उतरला, असे सांगतात. त्यांचा निबंध १८८६ चा आहे. ॲसिटॅनिलाइडाने ओठ व नखे निळी पडत, कारण रक्तातील हीमोग्लोबिनाचे ऑक्सिजन वाहून न नेणाऱ्या मेथेमोग्लोबिनात रूपांतर होई. १८८७ मध्ये त्याच गटातील फेनॅसिटिन हे तापशामक बाजारात आले. योझेफ फोन मेरिंग यांनी १८९३ मध्ये पॅरासिटामॉलाची परीक्षा केली व त्यातही तोच दोष असल्याचे नोंदविले. त्यांच्या नमुन्यात पॅरा-ॲमिनोफिनॉलाची भेसळ असावी, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. पण या निष्कर्षामुळे हे औषध सुमारे अर्धे शतक मागे पडले. बर्नार्ड ब्रोडी व ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी १९४८ मध्ये ॲसिटॅनिलाइडाचा इष्ट परिणाम शरीरात त्यापासून तयार होणाऱ्या पॅरासिटामॉलामुळेच होतो, असे दाखवून दिले. १९५५ मध्ये अमेरिकेत टायलेनॉल या नावाने ते प्रथम विक्रीस आले, तेही मुलांसाठीच्या पातळ औषधाच्या रूपात.

औषधाची क्रिया प्रामुख्याने मेंदूत प्रोस्टाग्लँडिनांची (ताप व वेदना वाढविणाऱ्या द्रव्यांची) निर्मिती घटल्याने होते, असे मानले जाते. २००२ मध्ये सुचविण्यात आलेला औषध मेंदूतील ‘कॉक्स-३’ या विकरावर (एन्झाइमावर) क्रिया करते हा सिद्धांत मानवाच्या बाबतीत फारसा टिकला नाही.

मात्रा वयावर नव्हे तर वजनावर ठरवितात : दर किलोग्रॅमला १० ते १५ मिग्रॅ., दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचे अंतर. दिवसाची कमाल मर्यादा काही ग्रंथांत दर किलोग्रॅमला ६० मिग्रॅ., तर काहींत ७५ मिग्रॅ. दिली आहे, घरगुती वापरासाठी पहिली पाळणे बरे. मुख्य अडचण द्रावणाच्या तीव्रतेची आहे. भारतात थेंबांच्या बाटलीत दर मिलि.ला १०० मिग्रॅ., तर पातळ औषधात दर ५ मिलि.ला १२० किंवा १२५ मिग्रॅ. अथवा २५० मिग्रॅ. औषध असते. १० किग्रॅ. वजनाच्या मुलाची १५० मिग्रॅ.ची मात्रा म्हणजे थेंबांचे दीड मिलि., १२५ च्या औषधाचे ६ मिलि. आणि २५० च्या औषधाचे ३ मिलि. ‘एक चमचा’ एवढेच लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतून ५ मिलि. पाजल्यास त्या मुलाच्या पोटात ५०० मिग्रॅ. जातात. घरातला चमचाही मापाचा नसतो; बाटलीबरोबरचे टोपण किंवा ड्रॉपर त्याच बाटलीसाठी वापरावा. अमेरिकेतील उत्पादकांनी २०११ पासून अर्भकांचे तीव्र द्रावण बंद करून ५ मिलि.त १६० मिग्रॅ. अशी एकच तीव्रता ठेवण्याचे ठरविले.

अतिमात्रेचा आघात यकृतावर होतो. औषधाचा थोडा अंश एका विषारी मध्यस्थ पदार्थात रूपांतरित होतो व यकृतातील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला निष्प्रभ करते. हा साठा संपला की यकृतपेशी मरू लागतात. एकाच वेळच्या अतिमात्रेत लहान मुले प्रौढांपेक्षा काहीशी सुरक्षित असतात असे दिसते. मात्र उलट्या व उपासमार चालू असताना काही दिवस सतत थोडी जास्त मात्रा देणे अधिक घातक ठरते; शिवाय पहिला दिवसभर मूल बरे दिसू शकते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या ८ तासांत सर्वाधिक गुणकारी असतो. तीन महिन्यांखालील अर्भकाचा ताप केवळ औषधाने दाबू नये. त्याची वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. तापातील आकडी पुन्हा येणे या औषधाने टळते, ही समजूत अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

पर्यायी औषधांपैकी ॲस्पिरिन, डग्लस राय यांनी १९६३ मध्ये वर्णिलेल्या यकृत-मेंदूच्या विकाराशी असलेल्या संबंधामुळे, मुलांच्या तापासाठी वर्ज्य झाले. निमेसुलाइड भारतात २०११ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी प्रतिबंधित झाले. आयबुप्रोफेन उपयुक्त आहे, पण डेंगीची शंका असल्यास रक्तस्रावाच्या भीतीने व शरीरातील पाणी घटले असल्यास वृक्कांना (मूत्रपिंडांना) अपाय होऊ नये म्हणून ते टाळतात.

पॅरासिटामॉल पाण्यात कमी विरघळते, म्हणून पातळ औषधात प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरिन घालतात. बालमृत्यूंचा मोठा इतिहास या विद्रावकांशी निगडित आहे. त्यांच्या जागी किंवा त्यांच्यात भेसळ म्हणून स्वस्त, गोडसर पण विषारी डायएथिलीन ग्लायकॉल आल्याने १९९० च्या दशकात बांगलादेश व हैती येथे पॅरासिटामॉल घेतलेली अनेक मुले वृक्क निकामी होऊन दगावली. मुंबईतील जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरिनामुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले व चौकशीसाठी लेंटिन आयोग नेमला गेला. तेथे प्रश्न पॅरासिटामॉलाचा नव्हता, पण दूषित करणारे द्रव्य तेच होते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने दगावलेल्या मुलांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते; त्या औषधात हे द्रव्य सुमारे ४८ टक्के आढळले, तर अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे. चवीने वा वासाने ही भेसळ ओळखता येत नाही. उलट्या, पोटदुखी आणि औषध सुरू झाल्यावर मुलाची लघवी कमी होत जाऊन थांबणे, ही तिची लक्षणे होत.