विमानातला आराम कशाने मोजायचा?

१९५८ साली अटलांटिक महासागरावरून उडणाऱ्या विमान कंपन्यांमध्ये सँडविचवरून मोठा वाद झाला. त्या काळी आंतरराष्ट्रीय मार्गांवरचे भाडे आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना ठरवत असे, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या स्वस्त इकॉनॉमी वर्गात प्रवाशांना पूर्ण जेवण न देता फक्त सँडविच द्यावे, असा नियम होता. युरोपातील काही कंपन्यांनी, विशेषतः स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने, पावाच्या एका कापावर भरगच्च पदार्थ रचून जवळजवळ जेवणच वाढायला सुरुवात केली. अमेरिकी स्पर्धकांनी तक्रार केली आणि सँडविच कशाला म्हणायचे, हे आयाटाला ठरवून द्यावे लागले. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सला दंडही झाला. भाडे बांधलेले असले की कंपन्यांची स्पर्धा ताटात, आसनात आणि आदरातिथ्यात उतरते. भाडे मोकळे झाले की ती तिकिटाच्या किमतीत उतरते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने देशांतर्गत भाड्यावरचे सरकारी नियंत्रण उठवले. भारतात सरकारी कंपन्यांची मक्तेदारी सांगणारा १९५३ चा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला आणि २००३ मध्ये एअर डेक्कनने फुकट जेवण वगळून स्वस्त तिकिटे विकायला सुरुवात केली. विमानप्रवास पूर्वीसारखा सुखाचा राहिला नाही, ही आज सर्वत्र ऐकू येणारी तक्रार या बदलातून जन्मली आहे.

ही तक्रार खोटी नाही, पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक आहे केबिनमधील हवा, दाब, ओलावा आणि आवाज यांचा शरीरावर होणारा परिणाम. दुसरी आहे जागा, स्वच्छता आणि कर्मचाऱ्यांची वागणूक. पहिली गोष्ट नव्या विमानांत बरीच सुधारली आहे, आणि ती प्रवाशांच्या फारशी लक्षात येत नाही.

सुमारे ३५,००० फूट उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नसतो आणि तापमान उणे ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणून केबिनमध्ये दाबाखाली हवा भरावी लागते. मात्र ती समुद्रसपाटीइतकी कधीच भरली जात नाही, कारण आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक विमानाच्या धडावर ताण आणतो आणि प्रत्येक उड्डाणागणिक धातू थोडा थोडा थकत जातो. या थकव्याची भयंकर किंमत १९५४ मध्ये ब्रिटिश कॉमेट विमानांच्या अपघातांनी दाखवून दिली. तडजोड म्हणून नियम असा झाला की नेहमीच्या उड्डाणात केबिनमधील दाब ८,००० फूट उंचीवरील हवेच्या दाबापेक्षा कमी होता कामा नये. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट आहे. खिडकीजवळ बसून पुस्तक वाचणारा प्रवासी शरीराच्या दृष्टीने कळसूबाईच्याही बराच वर बसलेला असतो, आणि तोही कित्येक तास. त्या उंचीवर पोटातील वायूचे आकारमान जवळपास एक तृतीयांशाने वाढते. प्रवासात पोट फुगल्यासारखे वाटते, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

या दाबाचा आरामाशी नेमका संबंध काय, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने तपासले. पाचशे दोन स्वयंसेवकांना दाब कमी करता येणाऱ्या बंद कक्षात बसवून वीस तासांच्या प्रवासाची नक्कल करण्यात आली आणि वेगवेगळ्या गटांसाठी ६५० फुटांपासून ८,००० फुटांपर्यंतचा दाब ठेवण्यात आला. सर्वांत कमी दाबात रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण चार ते साडेचार टक्क्यांनी घसरले. उंचीमुळे होणाऱ्या आजाराचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय वाढले नाही, पण ७,००० ते ८,००० फुटांच्या दाबात तीन ते नऊ तास बसल्यानंतर अस्वस्थता वाढू लागली. मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्यापेक्षा न्यूयॉर्कला जाणारा जास्त थकतो, त्यामागे लांबलेल्या वेळेबरोबर ही मंद, न जाणवणारी ऑक्सिजनची घटही आहे. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांची बांधणी मोठ्या प्रमाणावर कार्बन तंतूंच्या मिश्र पदार्थांची असल्यामुळे त्यांचे धड जास्त ताण सोसते, आणि म्हणून त्यांच्या केबिनमधील दाब ६,००० फुटांच्या पातळीवर ठेवता येतो. गेल्या काही दशकांत विमानातील आरामाच्या बाबतीत झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, असे मी मानतो. पण ती डोळ्यांना दिसत नाही.

ओलाव्याची कथा थोडी वेगळी आहे. बाहेरच्या अतिथंड हवेत बाष्प जवळजवळ नसतेच, त्यामुळे लांब उड्डाणात केबिनमधील सापेक्ष आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली जाते. नाक कोरडे पडते, डोळे चुरचुरतात आणि वास नीट येत नाही. वास मंदावला की चवही मंदावते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने कमी दाबाच्या कक्षात खऱ्या विमानाच्या धडाचा भाग बसवून लोकांना पदार्थ चाखायला दिले, तेव्हा मीठ आणि साखर नेहमीपेक्षा कमी जाणवते, असे आढळले. त्यात आवाजाची भर पडते. २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी ८५ डेसिबल आवाजात, म्हणजे विमानाच्या केबिनसारख्या गोंगाटात, चवीचे प्रयोग केले. गोड चव फिकी झाली आणि टोमॅटो किंवा मशरूममध्ये असते ती उमामी चव मात्र अधिक ठसठशीत झाली. विमानातले जेवण बेचव असते, या मताचा काही भाग तरी आचाऱ्याच्या माथी मारण्याजोगा नाही.

राहिली हवेची शुद्धता. केबिनमधील हवा दर दोन-तीन मिनिटांनी पूर्ण बदलते आणि तिचा फिरवून वापरला जाणारा भाग अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळण्यांतून जातो.

आता जागेकडे वळू, कारण प्रवाशांच्या तक्रारींचा खरा मुक्काम तिथे आहे. आसनावरील एखाद्या बिंदूपासून पुढच्या आसनावरील त्याच बिंदूपर्यंतच्या अंतराला सीट पिच म्हणतात. काही दशकांपूर्वी इकॉनॉमी वर्गात हे अंतर ३४ ते ३५ इंच असणे सामान्य होते. आता ३० ते ३१ इंच नेहमीचे झाले आहे आणि स्वस्त सेवा देणाऱ्या अनेक कंपन्यांत ते २८ ते २९ इंचांवर आले आहे. एअरबस ए३२० या विमानात दोन वर्गांची मांडणी केली तर साधारण १५० आसने बसतात, एकाच वर्गाची केली तर १८० किंवा १८६. वाढलेल्या प्रत्येक रांगेमुळे दर आसनामागचा इंधनखर्च कमी होतो आणि तिकीट स्वस्त करता येते. पाठीकडून पातळ केलेल्या नव्या आसनांमुळे गुडघ्यांसाठीची जागा सगळीच गेलेली नाही, हेही नमूद करायला हवे. पण पातळ गादीवर पाच तासांनी कंबर काय म्हणते, याचे उत्तर इंचांत मिळत नाही.

अमेरिकेच्या संसदेने २०१८ मध्ये हवाई वाहतूक प्रशासनाला आसनांची किमान मापे ठरवायला सांगितले. त्या प्रशासनाने ओक्लाहोमा सिटीत शेकडो स्वयंसेवकांना घेऊन आपत्कालीन सुटकेच्या चाचण्या केल्या आणि प्रचलित मापांमुळे बाहेर पडण्यास अडथळा होत नाही, असा निष्कर्ष काढला. स्वयंसेवक मात्र धडधाकट आणि साठीच्या आतले होते. २०२२ मध्ये लोकांची मते मागवली, तेव्हा २६,००० हून अधिक अभिप्राय आले. सुटकेचा वेळ हा सुरक्षिततेचा निकष आहे आणि तो आवश्यकच आहे. परंतु दीड मिनिटात बाहेर पडता येणे आणि पंधरा तास बसता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीला अजून तेवढे गांभीर्य मिळालेले नाही, याची मला खंत वाटते.

प्रवाशांच्या मतांचाही शास्त्रीय अभ्यास झाला आहे. नेदरलँड्समधील पीटर विंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये इंटरनेटवरील दहा हजारांहून अधिक प्रवासवर्णने आणि १५३ मुलाखती तपासल्या. आरामाच्या भावनेशी स्पष्ट संबंध आढळला तो पाय पसरण्याची जागा, स्वच्छता, कर्मचाऱ्यांचे लक्ष आणि आसन यांचा. नव्या विमानांना जुन्यांपेक्षा चांगले गुण मिळाले, आणि उद्धट वागणूक किंवा अस्वच्छता आढळली की आरामाचा अनुभव एकदम कोसळला. आराम आणि त्रास ही एकाच मोजपट्टीची दोन टोके नाहीत, असे आसनांचा अभ्यास करणारे संशोधक मानतात. त्रास दुखण्यातून, अवघडण्यातून आणि थकव्यातून येतो. आराम प्रसन्नतेतून आणि आपली कोणी दखल घेत आहे, या जाणिवेतून येतो. म्हणूनच अरुंद आसनावर हसतमुखाने दिलेले पाणी आरामात भर घालते, पण अवघडलेला गुडघा त्याने मोकळा होत नाही.

मते वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. समाधान हे मिळालेल्या सेवेइतकेच अपेक्षेवर अवलंबून असते. ज्यांनी इंडियन एअरलाइन्सच्या काळात महागड्या तिकिटावर गरम नाश्ता खाल्ला आहे, त्यांना आजचे विकतचे उपमा-पाकीट अपमानास्पद वाटते. ज्याचे पहिलेच उड्डाण कोल्हापूरहून मुंबईला होते, त्याला तेच पाकीट अगदी पुरेसे वाटते. शिवाय लेखी मत देणाऱ्यांत अतिशय संतुष्ट आणि अतिशय संतप्त लोकांचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे मधल्या मोठ्या समूहाचे म्हणणे निसटते.

हा निसटलेला समूह कोणता, याचे एक ठळक उदाहरण वैद्यकीय संशोधनात सापडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो दर सहा हजारांत एक इतका अल्प असतो. हा धोका १९० सेंटिमीटरपेक्षा उंच माणसांत वाढतो, हे अपेक्षितच होते. पण तो १६० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या माणसांतही वाढलेला आढळला, आणि त्याचे संभाव्य कारण असे दिले जाते की पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि गादीची पुढची कड मांडीखालच्या शिरांवर दाब देते. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची १६० सेंटिमीटरहून कमी आहे. अमेरिकेतील मुलांकडे जाणाऱ्या इथल्या कितीतरी आजी-आया पंधरा-सोळा तास याच अवस्थेत बसतात आणि परतल्यावर पाय सुजल्याचे सांगतात, वयाला दोष देतात, तक्रार मात्र नोंदवत नाहीत. त्यांच्यासाठी सीट पिच दोन इंचांनी वाढवून फारसे साधणार नाही. गादीची पुढची कड उतरती हवी, तिची उंची कमी हवी आणि पाय ठेवायला छोटी पट्टी हवी. तिकीट घेताना सामानाची किलोमर्यादा दिसते, त्याच ठिकाणी आसनाचे अंतर, रुंदी आणि गादीची जमिनीपासूनची उंची छापायला विमान कंपन्यांना कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही. आणि मत विचारायचे असेल, तर ते विमानातून उतरताना घाईत विचारण्याऐवजी आठव्या तासाला, आसनावर बसलेले असतानाच विचारावे.