स्त्रीच्या कामतृप्तीबद्दलचे गैरसमज आले कुठून?

शिस्निका, म्हणजेच क्लिटोरिस, बाहेरून वाटाण्याएवढीच दिसते. योनीमुखाच्या वर, मूत्रद्वाराच्याही वर, त्वचेच्या घडीखाली. स्त्रीच्या सुखाचं केंद्र इथे आहे हे १५५९ साली रेआल्दो कोलंबो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या ग्रंथात छापून आलं होतं. १८४४ मध्ये जर्मनीत गेऑर्ग कोबेल्ट यांनी तिच्या आतल्या भागाची, शिरा-मज्जातंतूंसकट, बारीक चित्रं काढली.

तरीही १९०५ मध्ये मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडने मांडलं की वयात आल्यावर स्त्रीचं सुख शिस्निकेकडून योनीकडे सरकायला हवं. शरीररचनेचा याला काहीही आधार नव्हता. पण डॉक्टरांनी ते उचललं आणि धडधाकट बायकांवर 'थंड' असा शिक्का बसला. हा शिक्का अजून पुसलेला नाही, याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे ते त्या काळात उघड लिहीत. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत निघत राहिलं.

प्रत्यक्ष मोजमाप आलं ते १९६६ मध्ये. अमेरिकेत सेंट लुईसला मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी ६९४ स्त्री-पुरुषांच्या शरीरातले बदल प्रयोगशाळेत टिपले. तृप्तीच्या क्षणी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू साधारण ०.८ सेकंदाच्या अंतराने आकुंचन पावतात, हे तिथेच नोंदलं गेलं. १९९८ मध्ये मेलबर्नच्या शल्यविशारद हेलन ओ'कॉनेल यांनी शवविच्छेदनातून दाखवलं की शिस्निकेचा बहुतांश भाग आत असतो: जघनास्थीलगत, म्हणजे ओटीपोटाखालच्या हाडालगत, दोन्हीकडे गेलेल्या दोन शाखा आणि योनीमुखाच्या कडेचे दोन फुगीर कंद. उत्तेजनेत यांत रक्त भरतं. २०२२ मध्ये तर तिच्या दोन मुख्य मज्जातंतूंमधले तंतू मोजले गेले. सरासरी दहा हजारांहून अधिक निघाले. त्याआधी सांगितला जाणारा आठ हजारांचा आकडा गुरांवरच्या अभ्यासातून आलेला होता!

नुसत्या योनीसंभोगाने अनेकींना तृप्ती का मिळत नाही, ते या रचनेवरून कळतं: सर्वांत संवेदनशील टोकाला त्यात फारसा स्पर्शच होत नाही. तो हाताने द्यावा लागतो, आणि घाई न करता. ओलावा येण्याआधी थेट टोकावर घासलं तर दुखतं. सुरुवातीला वरच्या त्वचेवरून हलका दाब बरा. कोरडेपणा असेल, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर, तर पाण्याचा आधार असलेलं वंगण वापरावं. खोबरेल तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटतो. पूर्वी तृप्ती मिळायची आणि नैराश्याची गोळी सुरू झाल्यावर थांबली, तर गोळीचा संबंध असू शकतो. ती आपण होऊन बंद करू नये. डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं तर मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येतं.