गल्ली ट्रॅप आणि चेंबर: कोणता पाइप कुठे सोडायचा

जळगाव-धुळ्याच्या बहुतेक घरांत आजवर सांडपाण्याच्या दोन वाटा होत्या. संडास सेप्टिक टँकमध्ये, आणि मोरीचं व ओट्याचं पाणी दारापुढच्या उघड्या गटारीत. केंद्र सरकारच्या अमृत योजनेतून भुयारी गटार आली, आता दोन्ही पाणी एकाच लाइनला जायचं आहे. कंपाउंडबाहेर जोडणीचं चेंबर ठेकेदार बांधून देतो, तिथपर्यंतचं आतलं काम घरमालकाचं. घोळ होतो तो इथेच. आवारात जमिनीलगत झाकण असलेले दोन प्रकारचे चौकोनी खड्डे बांधायचे असतात आणि गवंडी दोन्हींना सरसकट ‘चेंबर’ म्हणतो. त्यातला एक गल्ली ट्रॅप, दुसरं तपासणीचं चेंबर.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. झाकण उचला. गल्ली ट्रॅपमध्ये पाणी कायम थांबलेलं दिसलं पाहिजे. चेंबरमध्ये ते थांबता कामा नये. ट्रॅप कोरडा असेल तर बिघाड, चेंबर भरलेलं असेल तर बिघाड.

गल्ली ट्रॅप म्हणजे चिनी मातीचा किंवा पीव्हीसीचा वाकडा तुकडा, बाहेर जाणारं तोंड साधारण १०० मिमीचं. त्याच्या वळणात निदान ५० मिमी उंचीचं पाणी अडून राहतं, आणि गटारीतला वायू, झुरळं त्या पाण्यापलीकडे अडतात. त्याच्याभोवती आतून ३० × ३० सेंमीचा विटांचा चौकोन, ट्रॅपच्या तोंडावर १५ × १५ सेंमीची जाळी आणि वर झाकण. मोरी, बेसिन, ओटा, धुण्याचा दगड यांचं पाणी इथे येतं. पाइपाचं तोंड जाळीच्या खाली पण अडलेल्या पाण्याच्या वर सोडायचं. जाळीवर सोडलं तर भाताची शितं, चहाचा चोथा आणि शेवभाजीची तर्री तिथेच साचते. डिसेंबरच्या थंडीत हे तेल गोठून जाळीवर पांढरा थर धरतं. राखेने भांडी घासणाऱ्या घरात ट्रॅपच्या तळाशी राखेचा गाळही बसतो, तो महिन्यातून एकदा हाताने काढावा लागतो.

(मोरीच्या आत फरशीत असतो तो तिसराच, नहाणी ट्रॅप. इंग्रजी पुस्तकांतही त्याचं नाव असंच छापतात. तो आहे म्हणून बाहेरचा गल्ली ट्रॅप गाळायचा नसतो.)

चेंबर काहीच अडवत नाही. एका बाजूने आलेलं सगळं दुसऱ्या बाजूने जाऊ द्यायचं आणि तुंबलं तर वरून सळई घालायला जागा द्यायची, एवढंच त्याचं काम. एका पाइपासाठी आतून साधारण ४५ × ६० सेंमी पुरतं; तीन-चार पाइप येत असतील तर ६० × ८५. संडासाचा पाइप थेट इथे येतो आणि गल्ली ट्रॅपमधून निघालेला पाइपही इथेच मिळतो. तळाला सपाट कोबा करून सोडला तर ते चेंबर राहत नाही, छोटा सेप्टिक टँक होतो. पाइपाच्या रुंदीची अर्धगोल नाळ सिमेंटात ओढून दोन्ही बाजूंना नाळेकडे उतरता गिलावा हवा, तोही घोटून गुळगुळीत. बाजूचा पाइप प्रवाहाच्या दिशेने तिरका मिळवायचा. समोरासमोर दोन पाइप सोडले की एकाची घाण दुसऱ्याच्या तोंडात शिरते.

अदलाबदल झाली की काय होतं? संडास गल्ली ट्रॅपमध्ये सोडला तर तो आठवड्याभरात तुंबू शकतो, कारण संडासाच्या भांड्याला स्वतःचा ट्रॅप असतोच. त्यापुढे दुसरा आला की मध्ये हवा कोंडते, पाण्याचा जोर मरतो आणि मैला दुसऱ्या वळणात बसतो. उलट चूक जास्त फसवी. मोरीचा पाइप थेट चेंबरला जोडला तर पाणी छान वाहतं, तक्रार नसते. मग मोरीतल्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी वाळतं किंवा त्याचं झाकण हलतं आणि सगळ्या गल्लीच्या गटारीचा वास घरात येतो. लोक तेव्हा फिनाइल ओततात.

गल्ली ट्रॅपच्या उंचीकडे फार कमी जण बघतात. त्याची कड आवारापेक्षा ७ ते १० सेंमी वर हवी, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. पण मोरीच्या फरशीपेक्षा निदान १५ सेंमी खाली हवी. मग बाहेरची लाइन तुंबली तरी घाण अंगणात उफाळते, मोरीत नाही. रस्त्यावर रस्ता चढत गेल्याने ज्यांचं जोतं आता रस्त्याच्या खाली गेलं आहे, त्यांना हे गणित जमत नाही. त्यांनी शेवटच्या चेंबरजवळ उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि तो साफ करता येईल अशा जागी ठेवावा.

खोदाईआधी बाहेरच्या चेंबरची खोली मोजा. ११० मिमी पाइपाला ४० ला १ ढाळ (४० मीटर लांबीला १ मीटर उतार) धरतात, १६० मिमीला ६० ला १. जुन्या घरांत संडास मागच्या अंगणात आणि गटार पुढच्या रस्त्याला, म्हणजे बोळातून १४ मीटर जायचं असेल तर लहान पाइपाला ३५ सेंमी उतार लागतो. सुरुवातीला पाइपाचा तळ ४५ सेंमी खोल धरला, तर रस्त्याकडे तो ८० सेंमीवर पोचतो. बाहेरचं चेंबर ७० सेंमीच खोल असेल तर १६० मिमीचा पाइप घ्या. त्याला २३ सेंमी उतार पुरतो आणि तळ ६८ वर येतो. जेमतेम बसतं, पण बसतं. लेव्हल पाण्याच्या नळीने घ्या, डोळ्याने नको. चर बाहेरून आत खणत या. काटकोनी वळण टाळा. वळण लागलंच तर तिथे चेंबर.

काळ्या मातीत खरा घात जोडांवर होतो. मे महिन्यात भेगाळलेली माती पावसात फुगते आणि पाइप वर-खाली होतो. तळाला १० ते १५ सेंमी कच किंवा वाळू, पाइपाच्या बाजूंनाही तीच, मग वर माती. चेंबरच्या भिंतीतून निघणारा पहिला तुकडा साधारण ६० सेंमीचाच ठेवून पुढे रबर रिंगचा जोड द्या. चेंबर आणि पाइप वेगवेगळे हलले तरी जोड वाकतो, भिंतीजवळ पाइप तुटत नाही.

सेप्टिक टँक आता मधून काढायचा, त्यातून लाइन नेऊ नका. टँकरने उपसून मुरूम थराथराने ठोकून भरा. आत माणूस उतरवायचा नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला सफाईसाठी असं उतरवणं २०१३च्या कायद्यानेही गुन्हा आहे. टँकसोबत त्याचा उभा हवेचा पाइपही काढून टाकतात, ही चूक सर्रास दिसते. संडासाची उभी लाइन गच्चीच्या वर नेऊन तोंडाला जाळीची टोपी हवी. नाहीतर वरच्या मजल्यावर फ्लश केला की खालच्या भांड्यातलं पाणी गडगडतं आणि ट्रॅप रिकामा होतो.

गच्चीचं आणि अंगणाचं पावसाचं पाणी या लाइनला कुठेही नको. पाऊस जोराचा आला की चेंबरचं झाकण उचलून आवारातलं पाणी त्यात सोडण्याची युक्ती शेजारच्या सखल घरात घाण वर आणते.

चर बुजवण्याआधी एका चेंबरमध्ये बॅटरी आणि दुसऱ्यात आरसा धरा. आरशात पूर्ण गोल उजेड दिसला तर पाइप सरळ आहे. अर्धचंद्र दिसला तर मध्ये कुठेतरी बसला आहे. मग गल्ली ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता, थांबू द्या आणि सोटा घालून ५० मिमी भरतंय का ते बघा. ट्रॅप तिरपा बसला असेल तर इथेच कळतं. ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात सुट्टीसाठी घर बंद करताना हेच पाणी पुन्हा भरून वर दोन चमचे गोडं तेल सोडा, म्हणजे ते लवकर उडून जात नाही.