ज्येष्ठांची फ्लूची लस: पैसे वसूल होतात का?

मे महिना लागला की पुण्यात कोथरूड, सहकारनगर, औंधकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात, रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये फ्लू लसीकरण, ज्येष्ठांना डिस्काउंट. खाली ठरलेले प्रश्न. कितीला पडणार, दरवर्षी घ्यावी लागते का, आणि घेऊनही सर्दी होतेच मग कशाला. लस ब्रँडप्रमाणे दीड-दोन हजारांच्या आसपास जाते, नवरा-बायको दोघांचे झाले चार हजार, तेही दरवर्षी, आणि मेडिक्लेम बहुतेक वेळा हे पैसे देत नाही, मात्र तेच आजोबा न्यूमोनियाने ॲडमिट झाले की लाखांचं बिल कॅशलेस. गंमतच आहे.

सरकारी लसीकरणात ही लस सगळ्या ज्येष्ठांसाठी नाही, त्यामुळे हिशोब आपला आपणच करायचा. तर करूया.

आधी लस किती चालते ते. हॉलंडमध्ये साठीवरच्या 1838 लोकांवर एक ट्रायल झाली होती, 1994 साली छापून आली. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं पाणीवजा इंजेक्शन, कोणाला काय मिळालं हे कोणालाच माहीत नाही. रक्ततपासणीवरून फ्लू झालेले निघाले लस न घेतलेल्यांत 9 टक्के, घेतलेल्यांत 4 टक्के. म्हणजे साधारण निम्मे. लक्षणांवरून डॉक्टरांनी फ्लू म्हणावा असे मात्र 3 टक्के विरुद्ध 2 टक्के. निम्म्याने कमी होतो हे ऐकायला भारी वाटतं, पण शंभरातल्या तिघांचे दोघं झाले हेही त्याच ट्रायलमधलं आहे. जाहिरातीत कोणता आकडा येतो ते सांगायला नको.

वयस्कर शरीर लसीला तेवढा जोरदार प्रतिसाद देत नाही हा एक घोळ, आणि एच3एन2 नावाचा जो प्रकार म्हाताऱ्यांना जास्त छळतो त्याच्यावरच लस सगळ्यात कमी चालते हा दुसरा.

मग मोठमोठे दावे कुठून आले? पूर्वीचे बरेच अभ्यास म्हणायचे की लस घेतलेल्या ज्येष्ठांमध्ये हिवाळ्यातले मृत्यू थेट निम्म्याने कमी. 2005 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की तिथे हिवाळ्यात जेवढे ज्येष्ठ जातात त्यातले फ्लूमुळे गेलेले 10 टक्क्यांच्या आतच असतात, मग लस 50 टक्के मृत्यू कसे थांबवेल? पुढच्या वर्षी आणखी एका टीमला दिसलं की लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांमधला मृत्यूंचा फरक फ्लूचा सीझन सुरू व्हायच्या आधीच सगळ्यात जास्त होता. म्हणजे लसीने नाही, माणसांनीच फरक पडत होता. आपल्याकडेही बघा ना, क्लबहाऊसमध्ये येऊन बाही वर करणारे आजोबा हे सकाळी तळजाईची टेकडी चढून आलेले असतात, आणि जे चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेत त्यांना खाली आणणार कोण.

आता पैशाचं बघू. पुढचे आकडे मी समजा म्हणून धरतोय, पटले नाहीत तर तुमचे घाला. समजा 1000 ज्येष्ठ, 2000 रुपयांची लस, खर्च 20 लाख. लस नसती तर वर्षात 40 जणांना फ्लूने गाठलं असतं, लसीने 20 वाचले. त्या 20 मधला एक ॲडमिट झाला असता, बिल 2 लाख, बाकीच्यांचे डॉक्टर, टेस्ट, औषधं मिळून 50 हजार धरा. वाचले अडीच लाख, गेले 20 लाख. निव्वळ खर्च साडेसतरा लाख, एक ॲडमिशन टाळायला.

पण नुसतं बिल वाचवायला कोणी लस घेत नाही, जीवही वाचतो. अशा 10 ॲडमिशनमागे एक मृत्यू धरला आणि त्या माणसाची पुढची 10 वर्षं धरली, तर आयुष्याचं एक वर्ष पडतं साडेसतरा लाखांना. भारतात असे हिशोब करताना साधारणपणे देशाच्या दरडोई जीडीपीची, म्हणजे माणशी वार्षिक उत्पन्नाची फूटपट्टी लावतात, आयुष्याचं एक वर्ष त्याच्या आत पडलं तर पास. ते आहे वर्षाला दोन-अडीच लाखांच्या घरात. नापास, आणि दणदणीत नापास.

आता फक्त एक आकडा बदला. लस 2000 ऐवजी 300 ला मिळाली, समजा सरकारने घाऊक घेतली तर. खर्च 3 लाख, वाचले अडीच लाख, आयुष्याचं एक वर्ष पडलं 50 हजारांना. तीच लस, तेच आजोबा, आता मस्त पास! परदेशातले अभ्यास वाचून 'ज्येष्ठांना फ्लूची लस परवडते' असं कोणी छातीठोक सांगितलं की मी म्हणूनच आधी विचारतो, कितीला घेतली आणि कोणी पैसे भरले.

किंमत आपल्या हातात नसते, पण लस कोणाला द्यायची हे असतं, आणि इथे मला सगळ्यात जास्त दम वाटतो. इंग्लंड-वेल्समध्ये 65 पूर्ण झाली की लस फुकट, त्यामुळे तिथे 64 वाले आणि 65 वाले यांची तुलना करता येते, वयात फरक जवळजवळ नाही पण लस घेणारे एकदम वाढतात. 2020 मध्ये असा अभ्यास आला आणि ॲडमिशन किंवा मृत्यू कमी झालेले काही दिसले नाहीत. निराश व्हायचं कारण नाही कारण हे लोक पासष्टीचे, बरेचसे धडधाकट, 80 वर्षांचे दमेकरी नाहीत. वरच्या हिशोबात ॲडमिट व्हायची शक्यता पाचपट केली, म्हणजे सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) किंवा हार्ट फेल्युअर असलेले धरले, तर 2000 च्या भावातही आयुष्याचं एक वर्ष दोन लाखांच्या आत-बाहेर येतं (त्यांची 10 वर्षं धरणं जरा उदार आहे, मान्य).

आणि हृदयाचं तर वेगळंच. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये 2018 साली दिसलं की फ्लू झाल्याचं पक्कं झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सहापट होतो. मग 2021 मध्ये एक ट्रायल छापून आली, ज्यात अटॅक येऊन गेलेल्यांना लगेच हॉस्पिटलातच फ्लूची लस दिली होती, वर्षभरात मृत्यू 4.9 टक्क्यांवरून 2.9 टक्क्यांवर. कोविडमुळे ही ट्रायल अर्ध्यात थांबवावी लागली, तेव्हा आकडा थोडा सैल धरा, पण धरलाच तर 50 जणांना लस आणि एक जीव, म्हणजे लाखभर रुपये! अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची इतकी मोठी यादी असते, तिथे फ्लूची लस क्वचितच लिहिलेली दिसते.

आता पुण्याचं. इथे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि एक लहान लाट थंडीत. 2009 चा स्वाइन फ्लू आठवा, देशातला पहिला मृत्यू पुण्यात ऑगस्टमध्येच झाला, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, शाळा-थिएटरं बंद. (त्या स्वाइन फ्लूचा एच1एन1 प्रकार आता नेहमीच्या लसीतच असतो, वेगळी मागू नका.) जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) लसीचा फॉर्म्युला वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. लसीचा असर यायला दोनेक आठवडे लागतात आणि काही महिन्यांत तो उतरायला लागतो, ज्येष्ठांत जरा लवकरच. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाने फोनवर सांगितलं म्हणून नोव्हेंबरात घेतलेली लस आपला जुलै येईपर्यंत बरीच थकलेली असते. मे-जूनमध्ये घ्या, आणि घेताना बॉक्सवर फॉर्म्युला कोणत्या सीझनचा आहे ते वाचा, मागच्या सीझनचा उरलेला स्टॉक डिस्काउंटमध्ये निघत असेल तर तो स्वस्त नाही.

एक शेवटची गोष्ट, जपानची. तिथे 1970-80 च्या दशकांत शाळकरी मुलांना सरसकट फ्लूची लस द्यायचे, 1994 मध्ये ते पूर्ण बंद झालं. 2001 साली आकडे तपासले तर मुलांना लस होती त्या काळात म्हाताऱ्यांचे मृत्यू कमी होते, आणि बंद झाल्यावर वाढले, साधारण 420 मुलांमागे एक मृत्यू टळत होता असा त्यांचा अंदाज. इंग्लंडने 2013 पासून मुलांना नाकातल्या स्प्रेची लस द्यायला सुरुवात केली त्यामागे हाही विचार होता. आपल्याकडे तर आई-बाबा हिंजवडीला नोकरीवर आणि नातू दिवसभर आजी-आजोबांकडे, तोच शाळेतून शेंबूड घेऊन येणार, तेव्हा चार हजारच खर्च करायचे असतील तर एक डोस आजोबांना आणि एक नातवाला हाही पर्याय डॉक्टरांना विचारून बघा, विशेषतः आजी ठणठणीत असतील आणि आजोबांची बायपास झालेली असेल तर.