माथेरानमधील वाहनबंदी

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान या गिरिस्थानात मोटारींना प्रवेश नाही. गावातील माणसांची व मालाची ने-आण मुख्यतः पायी, घोड्यावरून, हातरिक्षातून आणि डोक्यावरच्या ओझ्याने होत आली आहे. सुमारे ८०० मीटर उंचीच्या या पठारावर पाच हजारांच्या आत कायम वस्ती आहे. मात्र मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पर्यटकांमुळे सुटीच्या दिवशी गावातली गर्दी कितीतरी पटींनी वाढते. एवढी गर्दी वाहनांविना सामावून घेणारे गाव म्हणून माथेरानचा अनुभव मोलाचा आहे.

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये या डोंगराकडे लक्ष वेधल्यावर येथे बंगले उभे राहू लागले. अर्थात ठाकर, कातकरी आणि धनगर या डोंगराला त्याआधीपासून ओळखत होते, आणि पायथ्याच्या वाड्यांतील माणसे आजही धोदाणीसारख्या गावांतून जुन्या पायवाटांनी चढून कामाला येतात. माथेरानची पायी वाहतूक म्हटले की पर्यटकांची भटकंती डोळ्यांसमोर येते. पण डोक्यावर भाजीची पाटी घेऊन रोज हा चढ चढणाऱ्या या माणसांचा विचार तिच्यात आधी व्हायला हवा. नेरळ ते माथेरान ही अरुंदमापी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली आणि दूरच्या प्रवाशाची चढण वाचली. पुढे नेरळहून घाटरस्ता आला, तरी मोटारींना गावाच्या वेशीवर, दस्तुरी नाक्यापाशी, थांबावे लागले. तेथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर आहे.

केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला, तेव्हा या जुन्या वहिवाटीला कायद्याचा आधार मिळाला. रुग्णवाहिका व अग्निशामक गाडी यांना त्यातून सूट आहे. बंदीचा लाभ चालताना ताबडतोब जाणवतो: रस्ते सावलीचे राहिले, मुले रस्त्याच्या मधोमध चालू शकतात, आणि हवेत धुराचा वास नसतो. मात्र जांभ्याची तांबडी माती घोड्यांच्या टापांनी सुटते व पावसाळ्यात वाहून जाते. ती थोपवण्यासाठी रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम सुरू झाले. त्यांवरून घोडे घसरतात, शिवाय डोंगराचे रूप पालटते, असा आक्षेप आला आणि वाद न्यायालयात गेला.

वाहन नसले तरी ओझे असतेच. ज्याला चालता येत नाही असा वृद्ध, बाळंतीण, आजारी माणूस, पर्यटकांच्या बॅगा, गॅसची टाकी हे सारे कोणीतरी वाहून न्यावे लागते, आणि माथेरानात हा भार घोड्यांवर व हातरिक्षांवर पडला. हातरिक्षा एक जण पुढून ओढतो, चढावर एक-दोघे मागून रेटतात. पायी चालण्याच्या गौरवात या कष्टांचा उल्लेख सहसा येत नाही, आणि तो न येणे हा अन्याय आहे. स्वतःच्या पायांनी चालणे आणि दुसऱ्याच्या छातीच्या बळावर बसून जाणे या दोन्हींना ‘मनुष्यबळावरचा प्रवास’ म्हणत असले, तरी त्या सारख्या गोष्टी नव्हेत.

या कष्टांतून सुटका व्हावी म्हणून ई-रिक्षांची मागणी खुद्द हातरिक्षाचालकांनीच केली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालवण्यास अनुमती दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मोजक्या ई-रिक्षा धावू लागल्या. आपला धंदा बुडेल या भीतीने अश्वपालकांनी विरोध केला. चारशेहून अधिक घोड्यांवर येथील अनेक कुटुंबांची चूल अवलंबून असल्याने ती भीती निराधार म्हणता येत नाही.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी ठरवली आणि सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने ती बंद करण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर शासनाने ई-रिक्षा विकत घेऊन त्या भाड्याने चालवायला द्याव्यात, खऱ्या हातरिक्षाचालकांना त्यात प्राधान्य असावे, उरलेल्या रिक्षा आदिवासी स्त्रिया व इतरांना मिळाव्यात, आणि निधी नाही ही सबब पुढे करू नये, असे न्यायालयाने बजावले. पेव्हर ब्लॉकना दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर परवानगी मिळाली. गावातील आतले रस्ते व डोंगरवाटा मात्र मातीच्याच ठेवायच्या आहेत.